तीन पाडवे आणि एक पायमशीन : लॉकडाऊनमध्ये घरी शिकलेली शिवण

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. "दादा, मापं ऐकता ऐकता लिहून घेता येत नाहीत," असं बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून मास्कची आणि पिशवीची मापं इथे नीट मांडून दिली आहेत. बोलण्यातले "म्हणजे" आणि "हां तर" थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

 

आजचा भाग मी माझ्या खोलीतून नाही, आमच्या ओसरीवरून रेकॉर्ड करतोय. मागे जो खडखड खडखड आवाज येतोय ना, तो आईच्या पायमशीनचा. तिला म्हटलं, दहा मिनिटं थांब. ती म्हणाली, "तुझं बोलणं थांबव, माझी गिऱ्हाईक चारला येणारे." त्यामुळे आज हा आवाज सहन करा.

आजचा विषय आहे घरच्या घरी करता येणारी साधी शिवण, आणि ती आपल्यातल्या कितीतरी जणांना कोरोनाच्या काळात कशी शिकावी लागली. मला शिकावी लागली, म्हणून सांगतोय. मुलग्यांनो, भाग बंद करू नका. शर्टाचं बटण तुटलं की आईला फोन लावणारे तुम्हीच आहात, मला माहितीये.

पहिला पाडवा

मार्च २०२० मध्ये मी पुण्यात शिकत होतो. महिन्याच्या मध्यावर कॉलेज बंद झालं, आठवडाभराची सुट्टी समजून एक सॅक घेऊन मी गाडीत बसलो. आमच्या श्रीरामपूरला रेल्वेने येणाऱ्यांना एक गंमत माहीत असेल. गाव श्रीरामपूर, पण स्टेशनवरची पाटी बेलापूर. नवी मुंबईतलं बेलापूर वेगळं, हे दौंड-मनमाड लाईनवरचं. त्या दिवशी उतरलो तेव्हा वाटलं होतं, सोमवारी परत जाऊ. परत गेलो तो किती महिन्यांनी, ते विचारू नका.

२२ मार्चला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला. २४ तारखेला रात्री आठ वाजता टीव्हीवर देशभराच्या लॉकडाऊनची घोषणा झाली. आणि दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, गुढीपाडवा होता! म्हणजे लॉकडाऊनचा पहिला दिवस आणि आपलं नवं वर्ष एकाच सकाळी उजाडलं. कापडाची दुकानं बंद. गुढीला नवा खण कुठून आणणार? आईने कपाटातला एक जुना, कोणीतरी ओटीत दिलेला खण काढला, इस्त्री केली आणि गुढीला नेसवला.

प्रवासी गाड्या बंद झाल्या होत्या. रात्री फक्त मालगाडीचा आवाज यायचा. ज्यांचं घर लाईनजवळ आहे त्यांना आठवत असेल, मालगाडी गेली की बरं वाटायचं. काहीतरी चालू आहे, एवढं तरी कळायचं.

आता आमच्या घरातली खरी अडचण सांगतो. आई घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. तिचं वर्षाचं गणित एप्रिल-मे महिन्यांवर असतं, कारण तेव्हा लग्नसराई. त्या वर्षी अक्षय तृतीया २६ एप्रिलला होती. त्या मुहूर्ताची, त्याच्या आगेमागची कामं तिने आधीच घेऊन ठेवली होती. काही ब्लाउज शिवून तयार, काही कापून ठेवलेले, काही नुसते पीस. लग्नं पुढे गेली. गिऱ्हाईक बाहेर पडू शकत नव्हतं. तयार ब्लाउजांचा गठ्ठा कपाटात आणि शिलाईचे पैसे शून्य. अस्तर आणि दोरा मात्र आईने स्वतःच्या पैशाने आणलेला.

आणि मग मास्क आला.

मास्क नेमकं करतो काय?

सुरुवातीला सगळ्यांचाच गोंधळ होता. मास्क आजारी माणसाने घालायचा की सगळ्यांनी? एप्रिल २०२० च्या सुरुवातीला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की घराबाहेर पडताना घरी केलेला, धुऊन परत वापरता येणारा कापडी मास्क लावा. कारण सरळ होतं. दुकानात मिळणारे चांगले मास्क आधी डॉक्टर-नर्सना पुरले पाहिजेत. ८ एप्रिलला मुंबई महापालिकेने मास्क सक्तीचा केला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जूनला कापडी मास्क तीन पदरी असावा असं सांगितलं. आतला पदर ओल शोषणारा सुती, बाहेरचा ओल न धरणारा, आणि मधला गाळणीसारखा.

तेव्हा मलाही प्रश्न पडला होता, तुम्हालाही पडला असेल. विषाणू तर एवढा बारीक, मायक्रॉनचा साधारण दहावा भाग. कापडाच्या विणीतली भोकं त्याच्यापुढे म्हणजे वेशीचा दरवाजा! मग अडणार कसा?

तर गोष्ट अशी आहे. विषाणू सहसा एकटा फिरत नाही. आपण बोलतो, खोकतो, मोठ्याने हसतो, तेव्हा तोंडातून थेंब बाहेर पडतात. काही दिसण्याइतके मोठे, काही अगदी सूक्ष्म. विषाणू त्या थेंबांत असतो. थेंब तोंडातून निघतो तेव्हा ओला आणि मोठा असतो, नंतर हवेत वाळून लहान होतो. म्हणून त्याला निघतानाच, तोंडापाशीच पकडणं सोपं. कापडी मास्कचा मोठा उपयोग हाच. माझा मास्क तुमच्यासाठी आणि तुमचा माझ्यासाठी.

दुसरं म्हणजे, हवा कापडातून सरळ रेषेत जात नाही. धाग्यांना वळसे घालत जाते. थेंबाला वजन असतं, त्याला तेवढं पटकन वळता येत नाही, तो धाग्यावर आपटतो आणि चिकटतो. एक पदर चुकला तर दुसरा पदर असतो. म्हणून पदर महत्त्वाचे. आजीच्या गोधडीत एकावर एक साड्या का घालतात? एका साडीतून थंडी येते, चार साड्यांतून येत नाही. तेच तत्त्व.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कापडी मास्क म्हणजे एन-९५ नव्हे. एन-९५ मधल्या कृत्रिम धाग्यांवर विद्युतभार असतो, तो बारीक कण ओढून धरतो. त्याची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात आणि ९५ टक्के कण अडले पाहिजेत असा नियम असतो. आपल्या सुती कापडाला हे जमत नाही. म्हणूनच दुसऱ्या लाटेत दुहेरी मास्कचा सल्ला आला, आत सर्जिकल आणि वर कापडी. कापडी मास्क काहीच नसण्यापेक्षा खूप बरा होता, आणि तेव्हा हाताशी तोच होता.

चेहऱ्याला मास्क बांधून साथ अडवायची ही युक्तीही नवी नाही. १९१०-११ साली मांचुरियात प्लेगची साथ आली, तेव्हा पेनांगला जन्मलेले डॉक्टर वू लिएन-तेह यांनी जाळीदार कापडाच्या पदरांमध्ये कापूस घालून मास्क करायला लावले. रोग श्वासातून पसरतोय हे त्यांचं म्हणणं सुरुवातीला सगळ्यांनी मानलं नव्हतं. तिथेही साधन होतं कापड, कापूस आणि बांधायच्या पट्ट्या. आमच्याकडे होती सुती साडी.

मास्कची मापं

आता वही काढा. हे एका मोठ्या माणसाच्या चुण्यांच्या मास्कचं माप आहे.

कापड : १० इंच बाय ७ इंचाचे दोन तुकडे. तीन पदर हवे असतील तर तीन.
नाडी : दीड इंच रुंद, १६ ते १८ इंच लांब अशा चार पट्ट्या. इलॅस्टिक असेल तर ६ ते ७ इंचाचे दोन तुकडे.
नाकासाठी : चार इंच मऊ तार, दोन्ही टोकं वाकवून गोल केलेली, म्हणजे टोचणार नाही.

कृती अशी :

१. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी शिवलं आणि मग धुतलं तर मोठ्या माणसाचा मास्क पोराचा होतो.

२. नाडीच्या पट्ट्या लांबीत दुमडून, कच्च्या कडा आत घेऊन शिवा.

३. दोन्ही तुकड्यांच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवा. चार कोपऱ्यांत चार नाड्या आतल्या बाजूला टाचणीने लावा. नाडी आत, टोक कडेला. इलॅस्टिक असेल तर एका तुकड्याचं एक टोक वरच्या कोपऱ्यात आणि दुसरं त्याच बाजूच्या खालच्या कोपऱ्यात.

४. पाव इंच माया ठेवून चारी बाजूंनी शिवा, खालच्या कडेला दोन इंच जागा मोकळी सोडा. माया म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं कापड. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

५. मोकळ्या जागेतून मास्क सुलटा करा. आता तो साधारण साडेनऊ बाय साडेसहा इंच होईल. वरच्या कडेत तार सरकवा आणि तिच्याखालून एक शिवण मारा.

६. आता चुण्या. अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या तीन चुण्या घाला. एका चुणीत एक इंच कापड जातं, म्हणजे तिघींत तीन. साडेसहातून तीन गेले, कडेला उरले साडेतीन इंच. बाहेरून बघताना चुण्यांची तोंडं खाली असली पाहिजेत, वर असली तर त्यात धूळ साठते.

७. चारी बाजूंनी कडेवरून एक शिवण मारा. चुण्या पक्क्या होतील आणि सोडलेली जागाही बंद होईल. झाला मास्क.

मशीन नाही? हाताने उलटटाका घाला. म्हणजे सुई एक टाका पुढे काढायची, अर्धा टाका मागे घालायची. वेळ लागतो, पण ही शिवण पक्की बसते. नुसता धावदोरा लवकर उसवतो.

एका जुन्या सहावारी साडीत किती मास्क होतील, याचा हिशेब मी तेव्हा केला होता. साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. दहा इंचाचे २१ तुकडे. रुंदी ४४ इंच धरली तर सात इंचाच्या ६ रांगा. २१ गुणिले ६, म्हणजे १२६ तुकडे. दोन पदरी ६३ मास्क! आईला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "साडी नेसून विरलेली असते रे, मधला भाग जाईल." आणि झालं तसंच. हातात आले चाळीसच्या आसपास. गणितात साडी नवी असते.

आमच्या चुका

पहिले मास्क आम्ही एका चकचकीत नायलॉनच्या साडीचे केले. दिसायला मस्त! पण घालून पाच मिनिटांत गुदमरायला झालं. श्वास कापडातून जाईना म्हणून बाजूच्या फटींतून निघायला लागला. मग त्या मास्कचा उपयोग काय? हवा कापडातून गेली पाहिजे, कडेने नाही.

दुसरी चूक उलटी. मलमलचा एक पदरी मास्क केला, हवेशीर. आजोबांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "यातून तर मला पलीकडचं लिंबाचं झाड दिसतंय." तेव्हापासून आमच्याकडे तीच परीक्षा. कापड उजेडात धरायचं. वीण घट्ट असली, पलीकडचं स्पष्ट दिसलं नाही आणि तरी श्वास सहज घेता आला, तर कापड चांगलं. जुना सुती चादरीचा तुकडा, मांजरपाट, पॉपलिन यात बसतात.

तिसरी चूक इलॅस्टिकची. दुकानं बंद, इलॅस्टिक मिळेना, म्हणून जुन्या कपड्यांचं काढून लावलं. घट्ट झालं, बाबांचे कान दुखायला लागले. मग ते मास्क गळ्यात घालून फिरायला लागले. गळ्यातला मास्क म्हणजे डिकीतलं हेल्मेट. शेवटी कापडाच्या नाड्याच लावल्या. त्या डोक्यामागे बांधता येतात, प्रत्येकाच्या मापाला बसतात आणि धुताना खराब होत नाहीत.

आणि हो, ओला झालेला मास्क बदलायचा, रोज साबणाने धुवायचा, कडक उन्हात वाळवायचा. साबण का? कारण या विषाणूच्या भोवती चरबीचं आवरण असतं. ताटाचं तेल जसं साबणाने सुटतं तसं हे आवरणही मोडतं, आणि आवरण मोडलं की विषाणू निकामी.

मशीनवर बसताना

मास्कच्या निमित्ताने मी पहिल्यांदा पायमशीनवर बसलो. पहिल्या दिवशी दोरा अकरा वेळा तुटला. कारण माझं चाक उलटं फिरायचं. पाय मारला की चाक आपल्याकडे फिरलं पाहिजे. उलटं गेलं की खाली दोऱ्याची गुंतवळ होते.

आईने मग दोरा काढून घेतला आणि वहीचा रेघांचा कागद दिला. बिनदोऱ्याच्या सुईने रेघेवर भोकं पाडायची. शिवणक्लासमध्ये असंच शिकवतात म्हणे. दोन दिवस मी नुसते कागद शिवले. तिसऱ्या दिवशी रेघ सरळ यायला लागली.

मशीन टाका कसा घालतं, हे कळलं की निम्म्या अडचणी सुटतात. वरचा दोरा सुईतून खाली जातो. सुई वर येताना दोऱ्याचा छोटा फासा खाली राहतो. खालचं शटल तो फासा पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरवतं. असे वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. म्हणून कापडाच्या खालच्या बाजूला फासे लोंबत असतील तर बहुतेक वेळा दोष वर असतो, वरचा दोरा ढिला आहे किंवा नीट ओवलेला नाही. आपण मात्र खालची बॉबिन काढून तिलाच शिव्या देत बसतो.

सुती कापडाला १४ नंबरची सुई, जाड कापडाला १६, अगदी तलम असेल तर ११. सुई बदलताना जुन्या सुईची चपटी बाजू जिकडे होती तिकडेच नव्या सुईची ठेवा. तेलाचे दोन-चार थेंब सोडले की आधी चिंधीवर शिवा, नाहीतर गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग पडतो. हे मी अनुभवाने सांगतोय, पुढचं विचारू नका.

आईशी थोड्या गप्पा

मी : आई, मास्कचे पैसे किती मिळायचे तेव्हा?

आई : आधी तर फुकटच शिवले. गल्लीतल्यांना, दूधवाल्याला, भाजीवाल्या मावशींना. मग पाच रुपये शिलाई घ्यायला लागले. कापड त्यांचं.

मी : आणि ती दोनशेची ऑर्डर?

आई : ते नको काढू रे.

मी : सांग ना, ऐकणाऱ्यांना उपयोग होईल.

आई : एका दुकानदाराने दोनशे मास्क शिवून घेतले. निम्मे पैसे दिले, निम्मे अजून यायचेत. मी वहीत लिहून घेतलं नव्हतं. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, मगच कात्री. तुझ्या त्या ऐकणाऱ्या पोरींना सांग, शिवणकाम करत असतील तर वही ठेवा. ओळखीचा माणूस असला तरी ठेवा.

मी : मास्कचं काम कधी थांबलं?

आई : दिवाळीपर्यंत. बाजारात ते निळे मास्क स्वस्त यायला लागले. पाच रुपये माझी शिलाई, त्यात त्यांचा अख्खा मास्क यायचा.

आईचं बरोबर आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने मास्कच्या किमतीवर मर्यादा घातली, तीन पदरी साधा मास्क चार रुपयांना. लोकांसाठी हे चांगलंच झालं. महागडे मास्क विकून लूट चालली होती ती थांबली. पण घरी एकेक मास्क शिवणाऱ्या बाईला त्या भावात कापड, दोरा आणि वेळ बसवता येणं शक्य नव्हतं. राज्यभर बचत गटांतल्या बायकांनी त्या काळात मास्क शिवले. संकटात त्यांची आठवण सगळ्यांना आली. संकट सरलं तेव्हा काम गेलं, याची बातमी झाली नाही.

दुसरा पाडवा

२०२१ चा पाडवा होता १३ एप्रिलला. त्याच संध्याकाळी 'ब्रेक द चेन'चे कडक निर्बंध जाहीर झाले आणि १४ तारखेला रात्री आठपासून लागू झाले. ती दुसरी लाट. त्या दिवसांबद्दल मी फार बोलणार नाही. ऑक्सिजन, बेड, इंजेक्शन हे शब्द तेव्हा सगळ्यांच्या फोनमध्ये होते.

आईची एक जुनी गिऱ्हाईक होती. मी त्यांना काकू म्हणायचो. मार्चमध्ये त्या एक हिरवा ब्लाउजपीस देऊन गेल्या होत्या, भाचीच्या लग्नासाठी. बरोबर मापाचं जुनं ब्लाउज. आईने कापड कापलं होतं, बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. एप्रिलच्या शेवटी काकू दवाखान्यात गेल्या. परत आल्या नाहीत.

ते अर्धवट ब्लाउज आणि मापाचं ब्लाउज आईने एका पिशवीत घालून मशीनच्या खणात ठेवलं. मी एकदा विचारलं, पोहोचवून येऊ का? ती म्हणाली, "कापलेलं कापड असं कसं द्यायचं? आणि शिवून तरी कोणाला द्यायचं?" त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही. पण दुसरं कोणतंही काम काढताना खण उघडला की ती पिशवी दिसायचीच.

तिसरा पाडवा

२ एप्रिल २०२२. पाडवा. त्या दिवसापासून महाराष्ट्रातले सगळे कोरोना निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला. एका पाडव्याला सुरू झालेलं प्रकरण कागदावर तरी बरोबर पाडव्यालाच संपलं.

त्याच आठवड्यात काकूंची मुलगी आली. आईचं मापाचं ब्लाउज इथे असेल, ते न्यायला. आईने पिशवी काढून दिली. तिने आतलं हिरवं कापड बघितलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, हे मला शिवून द्याल?"

आता अडचण अशी की कापड काकूंच्या मापाने कापलेलं. मुलगी त्यांच्यापेक्षा अंगाने भरलेली. कापलेलं कापड मोठं करता येत नाही. पण आई ब्लाउज शिवताना दोन्ही बाजूंच्या शिवणीत एकेक इंच माया ठेवते. पुढे मागे अंग वाढलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. सगळेच चांगले टेलर ठेवतात. ती माया उसवली, बाजूच्या शिवणी बाहेर घेतल्या, काखेत एक छोटा जोड दिला. बसलं.

शिलाई किती, असं तिने विचारलं. आईने नेहमीचा दर सांगितला, ना कमी ना जास्त. मला तेव्हा ते जरा विचित्र वाटलं. नंतर विचारलं तर म्हणाली, "फुकट दिलं असतं तर तिला परत यायला अवघड वाटलं असतं." ती अजून येते. आज चारला येणारी गिऱ्हाईक तीच आहे.

आता काय शिवायचं?

मास्कचे दिवस गेले. पण शिकलेली शिवण कुठे जात नाही. माझा सल्ला, सुरुवात पिशवीपासून करा. सगळ्या शिवणी सरळ असतात, आणि चुकली तरी कांदे तक्रार करत नाहीत.

कारणही आहे. महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली, २३ जूनपासून दंड सुरू झाला. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कितीतरी प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी भाजी घ्यायला आपण मोकळ्या हाताने जातो आणि "एक कॅरीबॅग द्या ना" म्हणतो. मीही म्हणायचो.

बाजाराच्या पिशवीचं माप :

कापड : ३४ इंच बाय १६ इंच, जाड. जुनी जीन्स, पडदा, चादर काहीही चालेल.
बंद : २० इंच बाय ४ इंचाच्या दोन पट्ट्या.

१. बंदाची पट्टी लांबीत चार पदरी दुमडा, रुंदी एक इंच होईल. दोन्ही कडांवरून शिवा.

२. कापड मधोमध दुमडा, १७ बाय १६ होईल. घडी खाली, तोंड वर. उलट बाजू बाहेर ठेवून दोन्ही बाजू अर्धा इंच माया सोडून शिवा. ओझं इथेच येतं, म्हणून शिवण दोनदा मारा.

३. खालचा कोपरा त्रिकोणासारखा चपटा करा. टोकापासून दोन इंचांवर आडवी शिवण मारा, ती चार इंच लांब येईल. दुसऱ्या कोपऱ्यालाही तसंच. आता पिशवीला चार इंचांचा तळ आला, ती उभी राहील.

४. तोंडाची कड आधी पाव इंच, मग एक इंच आत दुमडून शिवा.

५. बंद दोन्ही बाजूंना लावा. जिथे बंद जोडला तिथे एक चौकोन शिवा आणि चौकोनात फुलीसारख्या दोन तिरप्या शिवणी. वजन चौकोनभर वाटलं जातं, बंद तुटत नाही.

घरात जुने मास्क पडलेत? नाड्या काढा, चुण्या उसवा आणि तो चौकोन पिशवीच्या आत खिसा म्हणून लावा. सुट्टे पैसे आणि चावी ठेवायला. माझ्या पिशवीत तसा खिसा आहे, आईच्या त्याच जुन्या साडीचा.

आणि पिशवीही नको वाटत असेल तर निदान बटण लावायला शिका. दोरा दुपदरी घ्या, बटण आणि कापड यांच्यामध्ये एक आगकाडी ठेवून टाके घाला. शेवटी काडी काढून घ्या आणि राहिलेल्या सैल दोऱ्याभोवती दोन-तीन वेढे देऊन गाठ मारा. त्या वेढ्यांमुळे बटणाला काजात बसायला जागा मिळते आणि दोरा ताणून तुटत नाही. पाच मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी शर्ट महिनाभर खुर्चीवर पडलेला असतो!

तर मंडळी, या आठवड्यात एक गोष्ट करा. घरात मशीन असेल आणि त्यावर कपड्यांचा ढीग असेल, तर ढीग उचला, तेल घाला, एक कागद शिवून बघा. मशीन नसेल तर सुई-दोरा घ्या. आणि तुमच्या गल्लीत कोणी बाई शिवणकाम करत असतील, तर त्यांचे राहिलेले पैसे आजच देऊन टाका. आईने हे आवर्जून सांगायला सांगितलंय.

चार वाजत आलेत, दारात चपलांचा आवाज आला. मी आवरतो.

पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या. राम राम!